अल-फाशरसाठी आपल्या मंडळीने काय करावे

२६ ऑक्टोबर २०२५ रोजी सुदानच्या पश्चिमेकडील दारफूर भागातले अल-फाशर हे शहर पाचशेहून अधिक दिवसांच्या वेढ्यानंतर रॅपिड सपोर्ट फोर्सेस या निमलष्करी दलाच्या, म्हणजेच आरएसएफच्या हाती पडले. त्यानंतर लगेच अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या संशोधकांनी शहराची उपग्रहचित्रे तपासली, तेव्हा त्यांना माणसाच्या देहाएवढ्या आकृत्या आणि त्यांच्याभोवती लालसर झालेली जमीन दिसली. शहरातल्या सौदी प्रसूती रुग्णालयात ४६० हून अधिक रुग्ण आणि त्यांचे सोबती मारले गेल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने सांगितले. तुझ्या भावाचे रक्त भूमीतून माझ्याकडे ओरडत आहे, असे देव काइनाला म्हणतो, ते उत्पत्तीच्या चौथ्या अध्यायातले वचन मी शब्बाथ शाळेत असल्यापासून ऐकत आले आहे. ते एक दिवस आकाशातून काढलेल्या छायाचित्रात दिसेल, असे कधी मनात आले नव्हते.

हे मार्गदर्शन अशा मंडळ्यांसाठी आहे, ज्यांच्या रविवारच्या उपासनेत ‘जगातील युद्धग्रस्तांसाठी’ एवढे एक वाक्य म्हटले जाते आणि घरी परतताना ते अपुरे वाटत राहते. यात सांगितलेल्या बहुतेक गोष्टी तीस-चाळीस कुटुंबांच्या मंडळीलाही जमण्यासारख्या आहेत. त्यांना पैशांपेक्षा चिकाटी अधिक लागते, आणि वर्ष-दोन वर्षे एकाच ठिकाणाकडे लक्ष ठेवण्याची तयारी असल्याशिवाय यातले काहीही सुरू करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. म्हणून पंच कमिटीच्या बैठकीत पहिला ठराव निधीचा करू नका, मुदतीचा करा: आमची मंडळी अमुक तारखेपर्यंत दारफूरसाठी प्रार्थना, अभ्यास आणि पत्रव्यवहार करील, आणि या दोन व्यक्ती त्याची वही ठेवतील.

आधी चार संध्याकाळी अभ्यास

पहिल्या संध्याकाळी नकाशा आणि तारखा पुरेत. १५ एप्रिल २०२३ रोजी सुदानची राजधानी खार्तूममध्ये जनरल अब्देल फत्ताह अल-बुरहान यांचे सुदानी सैन्य आणि मोहम्मद हमदान दगालो ऊर्फ हेमेदती यांचे आरएसएफ एकमेकांवर तुटून पडले. दोघांनी मिळून २०२१ मध्ये लष्करी उठाव करून नागरी सरकार पाडले होते आणि पुढे सत्तेच्या वाटणीवरून त्यांचे बिनसले. आरएसएफची मुळे मात्र दारफूरमध्ये आहेत. २००३ पासून खार्तूमच्या सरकारने जे जंजावीद घोडेस्वार फूर, मसालित आणि झगावा लोकांच्या गावांवर सोडले, त्यांच्यातूनच हे दल २०१३ मध्ये उभे राहिले. त्या पहिल्या पर्वात सुमारे ३,००,००० माणसे मरण पावल्याचा संयुक्त राष्ट्रांचा अंदाज आहे. म्हणून अल-फाशरची बातमी अचानक उगवलेली नाही. वीस वर्षांपूर्वी अर्धवट राहिलेले तेच काम तीच माणसे पुढे नेत आहेत, हे मंडळीला एकदा कळले की पुढचे सगळे समजणे सोपे जाते.

दुसरी संध्याकाळ एका शब्दासाठी ठेवा. वंशसंहार हा शब्द कोणत्याही मोठ्या हत्याकांडाला लावला जातो, पण ९ डिसेंबर १९४८ च्या वंशसंहारविरोधी कराराने त्याला नेमका अर्थ दिला आहे: एखाद्या राष्ट्रीय, वांशिक, वर्णीय किंवा धार्मिक समूहाचा पूर्णतः वा अंशतः नाश करण्याच्या हेतूने केलेली कृत्ये. त्यात हत्या येते, तसेच त्या समूहाचा नाश व्हावा अशी जीवनस्थिती मुद्दाम लादणेही येते. दारफूरच्या पश्चिम टोकाला असलेल्या अल-जिनैना शहरात २०२३ मध्ये मसालित लोकांना वेचून मारण्यात आले. संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीने तिथल्या मृतांचा आकडा १०,००० ते १५,००० च्या दरम्यान सांगितला. ७ जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेच्या सरकारने आरएसएफने वंशसंहार केल्याचा निष्कर्ष जाहीर केला. सुदानी सैन्याचे हातही स्वच्छ नाहीत. त्याने बाजारांवर बॉम्ब टाकले आहेत, आणि चाडच्या सीमेवरील अद्रे नाका फेब्रुवारी २०२४ पासून कित्येक महिने बंद ठेवून धान्याचे ट्रक अडवले गेले, तेही त्याच्याच बाजूच्या सरकारकडून. मंडळीने कोणत्याही सैन्याची बाजू घेऊ नये. बाजू घ्यायची ती अद्रेच्या रांगेत उभ्या असलेल्या बाईची.

तिसऱ्या संध्याकाळी भुकेविषयी बोला, कारण ही गोष्ट आपल्या लोकांना आतून कळते. ऑगस्ट २०२४ मध्ये अल-फाशरजवळच्या झमझम छावणीत दुष्काळ असल्याचे अधिकृतपणे ठरले, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अल-फाशर आणि दारफूरशेजारच्या कोर्दोफान भागातले काडुगली या दोन शहरांतही तसेच जाहीर झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये सुदानमधले सुमारे २ कोटी १२ लाख लोक तीव्र अन्नटंचाईत होते. वेढ्यातल्या अल-फाशरमध्ये माणसे ‘अंबाझ’ खाऊन जगत होती. अंबाझ म्हणजे तेल काढून घेतल्यावर उरणारी शेंगदाण्याची पेंड. आपल्याकडे ज्याने गोठ्यात पेंड भिजवली आहे, त्याला याहून अधिक काही समजावून सांगावे लागत नाही.

त्याच संध्याकाळी आपल्या मंडळ्यांचा स्वतःचा इतिहास काढा. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात जाऊन निराधार मुली आणि विधवांना घेऊन आल्या, आणि केडगावचे मुक्ती सदन त्यांनी भरले. १८९९-१९०० चा दुष्काळ त्याहून भीषण होता. १९०० साली अमेरिकेतील एका ख्रिस्ती साप्ताहिकाच्या वाचकांनी दिलेल्या देणग्यांतून घेतलेला मका ‘क्विटो’ नावाच्या जहाजातून मुंबई बंदरात आला. ज्यांनी पैसे दिले त्यांनी नगर, सोलापूर, गुजरात कधी पाहिले नव्हते, आणि ज्यांच्या तोंडी तो मका गेला त्यांतले बहुसंख्य ख्रिस्ती नव्हते. आपल्यापैकी कितीजणांचे खापरपणजोबा अशाच परक्या माणसांच्या दानावर त्या काळात तगले असतील, हा प्रश्न मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना विचारा आणि त्यांना बोलू द्या.

चौथ्या संध्याकाळी लूकच्या दहाव्या अध्यायातला चांगला शोमरोनी वाचावा. दारफूरमध्ये मरणारे जवळजवळ सगळे मुसलमान आहेत आणि मारणारेही मुसलमानच आहेत. सुदानमधल्या अल्पसंख्य ख्रिस्ती मंडळ्याही या युद्धात होरपळल्या आहेत. खार्तूममधील चर्चवर दोन्ही बाजूंकडून हल्ले झाले, आणि न्युबा पर्वतातल्या ख्रिस्ती गावांवर विमानांतून बॉम्ब पडण्याचा इतिहास तर फार जुना आहे. तरीही आपल्या प्रार्थनेत फक्त आपले लोक आले, तर दाखल्यातला याजक आणि लेवी यांच्या रांगेत आपणही जाऊन उभे राहिलो. काही मंडळ्यांत ‘ते आपापसांत लढतात, आपण कशाला?’ असे कुणी म्हणेल. त्याला रागावू नये, पण उत्तर दिल्यावाचून पुढेही जाऊ नये.

प्रार्थना कशी करावी

ठिकाणांची नावे घेऊन करावी. अल-फाशर, झमझम, अल-जिनैना, काडुगली, आणि अल-फाशरमधून निघालेले लोक साठेक किलोमीटर चालून ज्या गावी पोचतात ते तवीला, ही पाच नावे मोठ्या अक्षरांत लिहून वेदीजवळ ठेवावीत. लहान मुले ती दोन-तीन रविवारांत पाठ करतात, आणि मग घरी बातम्यांत ते नाव आले की तीच आईवडिलांना हाक मारतात. आमच्याकडे हे घडले आहे. स्तोत्रसंहितेतली विलापाची स्तोत्रे, विशेषतः १०, १३ आणि ८८, आपण एरवी फारशी वाचत नाही. या कामात ती वाचावीत, आणि वाचून झाल्यावर लगेच आनंदाचे गीत घेऊ नये; दोन मिनिटे शांतता ठेवावी. मारेकऱ्यांसाठीही प्रार्थना करावी लागेल. ती पाळकांनी स्वतः, विचारपूर्वक लिहून आणावी, कारण आयत्या वेळी बोलताना ती एकतर शाप होते नाहीतर क्षमेची घाई होते.

कॅथलिक धर्मग्रामांना ८ फेब्रुवारी हा दिवस हाताशी आहे. त्या दिवशी संत जोसेफिन बखिता यांचा सण असतो. त्या एकोणिसाव्या शतकात दारफूरमध्येच जन्मल्या, लहानपणी पळवून नेऊन गुलाम म्हणून विकल्या गेल्या, पुढे इटलीत संन्यासिनी झाल्या आणि २००० साली संत म्हणून घोषित झाल्या. मानवी तस्करीविरोधी प्रार्थनेचा दिवस म्हणून तो जगभर पाळला जातो. त्या दिवशीच्या मिस्सात श्रद्धावंतांच्या प्रार्थनेत दारफूरचा उल्लेख नसावा, हे मला चुकीचे वाटते.

पैसे

इथे सर्वांत अधिक चुका होतात, त्यामुळे नीट वाचावे. मंडळीचा ट्रस्ट दानपेटीतली रक्कम थेट सुदानला किंवा चाडला पाठवू शकेल असे गृहीत धरू नका. धर्मादाय संस्थेने भारताबाहेर खर्च केलेल्या रकमेला आयकरातून सूट हवी असेल तर केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाची मंजुरी लागते, आणि ट्रस्टच्या घटनेत परदेशातील मदतकार्याचा उद्देश नसेल तर धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातही प्रश्न उभा राहतो. परदेशी निधीचा एफसीआरए कायदा बाहेरून येणाऱ्या पैशांसाठी आहे, पण ज्या खात्यात तो पैसा येतो त्या खात्याची आणि या संकलनाची सरमिसळ चुकूनही होऊ देऊ नये. आपल्या सनदी लेखापालांना विचारल्याशिवाय ‘सुदान निधी’ अशी पावती छापू नका.

व्यक्तीला मात्र वाट मोकळी आहे. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली भारतातील रहिवाशाला एका आर्थिक वर्षात २,५०,००० डॉलरपर्यंत रक्कम परदेशी पाठवता येते आणि त्यात देणगीचाही समावेश आहे. बँकेत पॅन आणि ए-२ अर्ज द्यावा लागतो. अशा देणगीवर ८०-जीची वजावट मिळत नाही, हे देणाऱ्याला आधीच सांगावे. म्हणून मंडळीने पैसे गोळा करण्याऐवजी प्रत्येक कुटुंबाने स्वतः द्यावे आणि दिल्याची केवळ खूण वहीत करावी, हा मार्ग मला सर्वांत निर्धोक वाटतो. किती दिले ते लिहू नये.

कोणाला द्यावे? संयुक्त राष्ट्रांचे निर्वासितविषयक उच्चायुक्तालय, जागतिक अन्न कार्यक्रम आणि युनिसेफ यांची सुदानमध्ये आणि चाडच्या छावण्यांत कामे आहेत. तवीलामध्ये डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्सचे डॉक्टर काम करतात. चर्चच्या बाजूने कारितास आणि ॲक्ट अलायन्स हे दोन जागतिक संघ आहेत, ज्यांच्या सदस्य संस्थांनी २००४ नंतरच्या काळात दारफूरमध्ये कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशी भिंत न ठेवता एकत्र काम केले. पण सुदानच्या आतले सर्वांत मोलाचे काम तिथल्याच शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या समित्या करत आहेत. त्यांना इमर्जन्सी रिस्पॉन्स रूम्स म्हणतात, आणि त्यांच्या सामुदायिक स्वयंपाकघरांना ‘तकाया’. परदेशी संस्थेचा ट्रक जिथे पोचत नाही, तिथे गल्लीतल्या पातेल्यात जे शिजते त्यावर माणसे जगतात. ज्या संस्थेला देणगी द्याल, तिला एका ओळीत विचारा की ती या स्वयंपाकघरांना पैसा पोचवते का. उत्तर स्पष्ट आले नाही, तर दुसरी संस्था शोधा.

खासदारांना पत्र

भारत १९५९ पासून वंशसंहारविरोधी कराराचा सदस्य आहे. कराराच्या पहिल्याच कलमात हा गुन्हा रोखण्याची जबाबदारी सदस्य देशांनी स्वीकारली आहे, आणि आठव्या कलमानुसार कोणताही सदस्य देश संयुक्त राष्ट्रांच्या अंगांना कृती करण्याचे आवाहन करू शकतो. आपल्या पत्राचा पाया एवढाच असावा. भारत आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचा सदस्य नाही, त्यामुळे ‘अमुक आरोपीला अटक करा’ अशी मागणी केली की पत्र तिथेच बाजूला पडते. ऑक्टोबर २०१५ मध्ये सुदानचे तत्कालीन अध्यक्ष ओमर अल-बशीर, ज्यांच्यावर त्याच न्यायालयाचे वंशसंहाराच्या आरोपाचे अटक वॉरंट होते, भारत-आफ्रिका परिषदेसाठी दिल्लीला येऊन गेले. त्या रविवारी आम्ही कशासाठी प्रार्थना केली होती, ते मला आठवत नाही. दारफूरसाठी नक्कीच नव्हती.

मी लिहिलेल्या पहिल्या पत्रात सात मागण्या होत्या आणि त्याला उत्तर आले नाही. दुसऱ्या पत्रात एकच प्रश्न होता आणि त्याला पोच तरी मिळाली. लोकसभेत प्रश्न विचारण्यासाठी सदस्याला किमान पंधरा दिवस आधी सूचना द्यावी लागते, म्हणून अधिवेशनाच्या तारखा जाहीर होताच पत्र पोचेल असे पाहावे, आणि प्रश्न आयता लिहून द्यावा. उदाहरणार्थ: ‘परराष्ट्र व्यवहार मंत्री हे सांगू शकतील काय की, (अ) सुदानमधील दारफूर भागात मानवतावादी मदत पोचावी यासाठी भारताने २०२३ पासून कोणती पावले उचलली, (ब) जागतिक अन्न कार्यक्रमाच्या सुदानमधील कार्याला भारताने धान्य वा निधी दिला आहे काय, आणि (क) नसल्यास, देण्याचा विचार आहे काय?’ मंडळीच्या पत्राबरोबर शहरातल्या मशिदीच्या विश्वस्तांचे, बुद्धविहाराचे, एखाद्या महाविद्यालयीन प्राध्यापकांचे पत्र जोडता आले तर फारच चांगले. परदेशी मुसलमानांसाठी इथल्या ख्रिस्ती लोकांनी पुढाकार घेतला, हे दृश्य खासदाराच्या नजरेतून सुटत नाही.

पत्रांनी काय होते, असे विचारणारे भेटतील. ज्या अमेरिकन बोर्डाने आपल्याकडे मराठी मिशन चालवले, त्याच बोर्डाचे मिशनरी १९१५ मध्ये तुर्कस्तानात होते, आणि आर्मेनियन लोकांच्या कत्तलीविषयी जगाला जे कळले त्याचा मोठा भाग त्यांच्या पत्रांतून आणि अहवालांतून कळला. दुसरे उदाहरण अधिक अवघड आहे. कॅनडातल्या चर्चनी आणि इतर संघटनांनी कित्येक वर्षे दबाव आणल्यावर टॅलिस्मन या कॅनेडियन कंपनीने सुदानच्या तेलक्षेत्रातला आपला २५ टक्के हिस्सा २००३ मध्ये विकला. ज्या तेलासाठी दक्षिणेतली गावे उठवली गेल्याचा आरोप होता, तो हिस्सा घेतला भारताच्या सरकारी ओएनजीसी विदेशने. तिथल्या मंडळ्या जाग्या होत्या. इकडे आपल्याला पत्ताही नव्हता. एका देशातले दार लोटले की माल दुसऱ्या दाराने जातो, म्हणून दुसऱ्या दाराशीही कुणीतरी उभे असावे लागते.

सोने आणि डिंक

सुदानच्या सोन्याचा मोठा वाटा संयुक्त अरब अमिरातीत जातो आणि दोन्ही सैन्यांचा खर्च त्यावर चालतो. आरएसएफला अमिरातीकडून शस्त्रे मिळत असल्याचे आरोप संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांच्या अहवालांत आले आहेत; अमिरातीने ते नाकारले आहेत. भारत अमिरातीकडून सोने आयात करतो. वितळवलेल्या सोन्याचे मूळ सांगता येत नाही, त्यामुळे ‘तुमच्या मंगळसूत्रात रक्त आहे’ असे उपदेशपीठावरून कुणी म्हणू नये. ते सिद्ध करता येणार नाही आणि लोक दुखावतील. त्याऐवजी लग्नसराईत मंडळीतल्या कुटुंबांनी सराफाला शांतपणे विचारावे की हे सोने कुठून येते आणि जुने सोने आटवून दागिना करून मिळेल का. घरातले जुने सोने वापरणे हा या बाबतीतला सर्वांत स्वच्छ मार्ग आहे.

बाभळीच्या डिंकाची गोष्ट उलटी आहे. शीतपेये, औषधे आणि मिठाईत वापरला जाणारा हा डिंक जगात सर्वाधिक सुदानमधून, त्यातही कोर्दोफानमधून येतो. झाडाला खाच पाडून तो गोळा करणारे शेतकरी अत्यंत गरीब आहेत. वाटेत सशस्त्र टोळ्या त्यावर वसुली करतात हे खरे असले, तरी बहिष्काराने आधी तो शेतकरी मरेल. त्याचा बहिष्कार करू नये.

पुण्यातले सुदानी विद्यार्थी

पुण्यात कित्येक वर्षांपासून सुदानी विद्यार्थी शिकायला येतात. तुमची मंडळी तिथे असेल तर हे काम बाकी सगळ्यांच्या आधी करा. युद्ध सुरू झाल्यापासून अनेकांचे घरून येणारे पैसे थांबले आहेत, घराचे भाडे आणि महाविद्यालयाची फी मात्र थांबत नाही. त्यांना जेवायला बोलवा. बोलावताना जेवण हलाल असेल याची काळजी घ्या आणि ते आधी सांगा. कोणत्या जमातीचे, हे विचारू नका: त्या एका प्रश्नावर दारफूरच्या नाक्यांवर माणसे मारली गेली आहेत. घरच्यांविषयी त्यांनी स्वतः सांगितले तर ऐका, खोदून विचारू नका, आणि त्यांचे छायाचित्र किंवा नाव मंडळीच्या व्हॉट्सॲप गटावर टाकू नका, कारण त्यांचे नातेवाईक अजून तिथे आहेत. विद्यार्थी व्हिसावर असलेल्या परदेशी नागरिकाला निदर्शनाच्या व्यासपीठावर उभे करणे म्हणजे त्याचे शिक्षण धोक्यात घालणे होय. तुमच्या शांतता फेरीला, पोलिस ठाण्याची रीतसर परवानगी असली तरी, त्यांना आग्रह करू नका. आणि ही सुवार्ता सांगण्याची संधी समजू नका. भुकेल्याला दिलेल्या ताटाबरोबर पत्रक दिले की ते ताट उरत नाही, तो सौदा होतो, आणि आपल्या समाजावर तसा आरोप आधीच पुष्कळ होतो.

वही

ज्या दोन व्यक्तींकडे वही आहे, त्यांनी दर महिन्याला एक पान भरावे: काय घडले, कोणाला लिहिले, काय उत्तर आले. १५ एप्रिल, २६ ऑक्टोबर आणि ९ डिसेंबर या तारखांना ते पान मंडळीसमोर वाचावे. कधीतरी युद्धबंदी होईल आणि बातम्या थांबतील, तेव्हा वही बंद करू नये. जंजावीदांचा नेता अली कुशैब याला हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने दोषी ठरवले ते ऑक्टोबर २०२५ मध्ये, म्हणजे त्याच्या गुन्ह्यांनंतर एकवीस-बावीस वर्षांनी. तोवर ज्यांनी साक्षी जपून ठेवल्या, त्यांतल्या कित्येकांनी छावणीतच आयुष्य काढले होते. वहीचे पहिले पान रिकामे ठेवा आणि दुसऱ्या पानापासून लिहायला लागा. पहिल्या पानावर, ज्या दिवशी अल-फाशरमधून निघालेले एखादे कुटुंब घरी परतल्याचे खात्रीने कळेल, त्या दिवसाची तारीख येईल.